गेरूचा पट्टा

५ डिसेंबर १९७२

शेजारच्या छबूबाईची थोरली, मालन, आज बाळंतपणाला माहेरी आली. एसटीने खर्ड्यापर्यंत, तिथून पायी. गाडी जुंपायला गावात बैल नाहीत, सगळी गुरं छावणीत. नवरा आसाराम बोचकं डोक्यावर घेऊन पुढे आणि ही सातवा सरत आलेली पोर मागे. छबूबाईने दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, तो जमिनीवर पडायच्या आत कुत्र्याने झेलला. कुत्र्यांचेही हाल आहेत.

मालनची दोन गेली. पहिलं पाचवीच्या दिवशी, दुसरं रडलंच नाही. दोन्ही वेळा बाळंतपण सासरी झालं, कोंदट खोलीत. या खेपेला आसारामनेच हट्ट धरून इकडे आणली.

संध्याकाळी छबूबाई माझ्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, "बने, तू वाचतीस. ह्या खेपंला काय करायचं ते तू सांगायचं. मी करनार."

मी म्हटलं, मी काय डॉक्टर आहे का?

"डाक्टर खर्ड्याला हाय. तू भिताडापलीकडं हायेस."

मला शाळा नाही. अक्षरं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरून शिकले, हे शेजारी बसून हसायचे आणि चुकलं की सांगायचे. हे जाऊन दोन वर्षं झाली. आता चुकलं तर सांगायला कुणी नाही. ग्रामसेविका सुमेधाबाई महिला मंडळासाठी पुण्याचं मासिक आणतात. मंडळ माझ्याच ओसरीवर भरतं. मी वाचते, बाकीच्या ऐकतात. घर कसं सजवावं, परस कसा फुलवावा, असं त्यात दर महिन्याला येतं. पडदे आणि सोफे आम्ही सोडून देतो. छबूबाई म्हणते, सोफा आनला तर त्याच्यावर कोंबड्या बसवू. पण बाकीचं पुष्कळसं कामाचं असतं.

मी हो म्हटलं. हे पोर जगलं पाहिजे.

९ डिसेंबर

खोली बघून आले. छबूबाईच्या घराची मागची खोली, नंतर वाढवलेली. भिंती पांढऱ्या मातीच्या, कुडाच्या नाहीत, एवढं बरं. पण आत काळोख. चुलीच्या धुराने भिंती काळ्या झाल्यात, कोपऱ्यात कांद्याची पोती, वर वटवाघळाची घाण. एकच झरोका, तोही चिंधीने बुजवलेला.

पहिली चिंधी काढली. छबूबाईचे मालक मच्छिंद्रदाजी म्हणाले, "थंडी येईल." मी म्हटलं, उजेडही येईल.

आमच्या घरात माळवद, म्हणजे मातीचं जड सपाट छत, पेलायला लाकडी खांब आहेत, त्यामुळे खोलीत जिथे वळावं तिथे खांब आडवा येतो. या खोलीत खांबच नाहीत, तुळ्यांची टोकं सरळ मागच्या भिंतीवर टेकवलीत. त्यामुळे खोली मोकळी दिसते. खाट, पाळणा, शेगडी सगळं बसेल.

१४ डिसेंबर

चुना झाला. कसा केला ते लिहून ठेवते, मंडळात सांगायला होईल. कळीचा चुना मोठ्या मडक्यात विरवायचा, तो उकळून शांत झाला की तसाच झाकून ठेवायचा, घाई करायची नाही. मग जुन्या धोतरातून गाळायचा. त्यात भिजवलेला डिंक घातला की अंगाला लागत नाही. शेवटी चिमूटभर नीळ. नीळ जास्त झाली तर खोली आजारी दिसते. पहिला हात उभा, दुसरा आडवा.

भिंतीच्या तळाला वीतभर उंच गेरूचा पट्टा दिला. सारवताना शेणाचे शिंतोडे उडतात ते गेरूवर दिसत नाहीत. जिथे डाग पडायचा तिथे आधीच रंग द्यावा, असं मासिकात होतं. मला ते फार पटलं.

मालन दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, ही खोली आपली वाटंना."

२० डिसेंबर

आज माझ्या परसातल्या घेवड्याची भाजी मालनला दिली. गेल्या दोन महिन्यांत तिने हिरवं काही खाल्लं नव्हतं. दुष्काळी कामावर सुकडी मिळते, रेशनवर लाल ज्वारी, पण हिरवं पान कुठून आणायचं?

माझ्याकडे आहे, कारण मी पाणी वाया जाऊ देत नाही. टँकर माझ्या परसामागे उभा राहतो. नळीतून सांडतं ते आधी धुळीत जायचं. मी दसऱ्याला तिथून चर काढला आणि मागच्या भिंतीच्या बुडाशी आणला. न्हाणीचं, भांड्यांचं पाणीही तिकडेच. भिंतीला लागून हातभर खोल वाफा, त्यात घेवडा आणि दोडका. वेल भिंतीला धरून चढतो, वेगळा मांडव लागत नाही. वाफा मोकळ्यावर केला तर ऊन आणि वारा पाणी ओढून घेतात. भिंतीच्या आडोशाला ओल टिकते.

ती मागची भिंत ह्यांनी एकट्याने घातली होती. जोत्याचे दगड पुढच्या भिंतींना पुरले, मागच्या भिंतीचं बूड मातीचंच राहिलं. तिच्यात ह्यांनी एक कोनाडा केला, तो स्वतःच्या उंचीला. माझा हात पोचत नाही. ते असेपर्यंत मला कधी पोचावं लागलं नाही, मागितलं की काढून द्यायचे. आता पाटावर चढते. त्यांची दाढीची डबी तिथेच आहे.

छबूबाईच्या खोलीमागे असाच वाफा करायचं ठरवलं. बाळंतिणीला शेपू, मेथी, दुधी हवा. दूध त्यावर येतं.

४ जानेवारी १९७३

छबूबाईकडे वाफा झाला. मच्छिंद्रदाजींनी खणला, मी बी टाकलं. खोलीच्या न्हाणीचं तोंड फोडून थेट वाफ्यात सोडलं. दाजी म्हणाले, "पानी बघून माती कशी फुगली बघा. तीबी उपाशी हुती."

१५ जानेवारी

काल संक्रांत. आळीत सवाष्णींचा वाणवसा. मी घरात बसून मासिकाचे मागचे अंक वाचले आणि वाफ्याला पाणी घातलं. छबूबाई दिवेलागणीला मागच्या दाराने तिळगूळ देऊन गेली. पुढच्या दाराने नाही. मला त्याचं काही वाटत नाही. वाटलं ते एवढंच, की तिने दोन्ही दारं डोळ्यांनी मोजली.

२८ जानेवारी

माझ्या मागच्या भिंतीला आतून तळाशी पांढरं फूल आलंय, कापसासारखं. हात लावला की पीठ. या पांढऱ्या मातीला लोणा, म्हणजे खार, असतोच, म्हणून तर लोक पडक्या भिंतींची माती शेतात टाकतात. खराट्याने झाडून काढलं आणि वरून चुना दिला. माझ्याकडेही गेरूचा पट्टा वीतभर होता तो हातभर केला. आता छान दिसतं, उंच पट्टा जास्त शोभतो. छबूबाईच्या खोलीतही मग तेवढाच करून टाकला, दोन्ही घरं सारखी.

२० फेब्रुवारी

मुलगा झाला. पहाटे. सुईण म्हणाली, रडला तो असा रडला की टँकरचा भोंगा वाटला. मालन बरी आहे.

मी बाहेर बसून होते. आत जायचं मनात आलं, पण कुणी बोलावलं नाही.

२४ फेब्रुवारी

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी लागतं, आणि ते चार तांब्यांचं काम नाही. आमच्याकडे बाळंतिणीच्या अंगावर कढत पाणी ओतून ओतून शेकतात, नाहीतर कंबर धरते. टँकर एकाआड एक दिवस येतो, घरटी मोजून मिळतं. छबूबाई रडकुंडीला आली होती.

तेव्हा आळीतल्या बायकांनी ठरवलं. प्रत्येक घरातून रोज एक कळशी मालनच्या न्हाण्याला. कुणी सांगितलं नाही, कुणी नाही म्हटलं नाही. जिच्या घरी प्यायला तांब्याभर उरलंय तीसुद्धा कळशी घेऊन येते, ओतते आणि बाळ झोपलंय का विचारून जाते. सकाळी न्हाणीपाशी कळश्यांची रांग लागते.

आणि त्यातला थेंब वाया जात नाही. सगळं पाणी वाफ्यात. मेथी वीतभर उंच आली, दुधीचा वेल झरोक्यापाशी पोचला. हे बघायला ह्यांनी असायला हवं होतं.

४ मार्च

आज बारसं. मच्छिंद्राच्या घरी दुसरं कोणतं नाव असणार? गोरक्ष. छबूबाई नवऱ्याला म्हणाली, "आता गुरूला शिष्य भेटला. तंबाखू सोडा, पोर बघतंय." दाजी म्हणाले, "त्याला कळाया लागल्यावर सोडतो."

बायकांनी पाळण्याखालून वरून बाळ दिलं-घेतलं. मी भिंतीकडे उभी होते. मालनने दोनदा माझ्याकडे बघितलं. दुसऱ्यांदा तिने तोंड उघडलं, पण तिच्या मावससासूने कोपराने ढोसलं. मी वाफ्याला पाणी लागलंय का बघते, असं म्हणून मागे गेले. पाणी लागलेलं होतं. भरपूर लागलं होतं.

९ मार्च

सुमेधाबाई आल्या होत्या. खोली बघून थक्क झाल्या. म्हणाल्या, "बनुबाई, दुष्काळात असं घर मी तालुक्यात पाहिलं नाही. मासिकाला कळवते." वेलाची पानं झरोक्यातून आत डोकावतात, उजेड हिरवा पडतो.

खोलीच्या मागच्या भिंतीला डाग गेरूच्या वर आला होता, शिळ्या चहासारखा. त्या यायच्या आत मी पट्टा वाढवून कमरेइतका केला. त्यांनी विचारलं, इतका उंच का? मी म्हटलं, मूल रांगायला लागलं की हात लावतं. पट्कन सुचलं.

त्यांनी बायकांना सांगितलं की सगळ्यांनी असे वाफे करावेत. पाच घरी झालेतच.

१५ मार्च

ऊन मी म्हणतंय. दुपारी कुणी पत्र्याला हात लावू शकत नाही. पण मालनची खोली गार आहे. मागच्या भिंतीला पाठ लावली तर माठाला टेकल्यासारखं वाटतं. वेलाची सावली भिंतीवर पडते, म्हणून. ही युक्तीही मंडळात सांगितली पाहिजे, उन्हाळ्यात भिंतीवर वेल चढवावा, घर गार राहतं.

आसाराम कामावरून रविवारचा आला होता. त्याने मालनची खाट ओढून त्या भिंतीला लावली. पोर रात्रंदिवस किरकिरत होतं, आता शांत झोपतं. मच्छिंद्रदाजींनीही दुपारची वाकळ तिथेच टाकलीय. "असा गारवा राजाच्या महालात नसंल," म्हणाले.

२० मार्च

माझं मागचं दार खाली घासायला लागलं. उन्हाने लाकूड फुगत नाही, आकसतं, मग हे का घासतं? कोयत्याने खालून तासलं. दोन दिवस बरं चाललं, आज पुन्हा घासतंय.

भिंतीच्या बुडातून मुंग्या अंडी तोंडात धरून निघाल्यात. मुंग्या अंडी हलवतात तेव्हा पाऊस येतो म्हणतात. मार्चात कुठला पाऊस? राख टाकली.

२३ मार्च

आज दाढीची डबी खाली पडलेली दिसली. कोनाड्याला मी हात लावला नव्हता. मांजर आत येत नाही. डबीचं झाकण चेपलं. वर ठेवायला गेले तर कोनाड्याचं बूड बाहेरच्या बाजूला उतरतं झालंय, ठेवलं ते घसरतं. ह्यांनी तो ओळंबा लावून केला होता. माझ्याच डोळ्यांचा दोष असेल. डबीखाली खडा लावला.

वाईट वाटत राहिलं.

२५ मार्च

आज अक्षर वाकडं येईल.

दुपारी टँकरच्या रांगेत होते. मोठा आवाज झाला नाही. धान्याचं पोतं टाकल्यासारखा झाला. मग धूळ. कुणीतरी म्हणालं, बनुबाई, तुझं घर.

मागची भिंत परसात आडवी झाली होती, वेलांवर. माळवद खांबांवर तसंच उभं. बाहेरून घराच्या आतलं सगळं दिसत होतं, दांडीवरचं लुगडं, उतरंड, अंथरुणाची वळकटी. मी पहिल्यांदा कोनाडा शोधला. तो कुठे असणार? ढेकळं होती.

मग उभं राहिलेलं बूड बघितलं. वरची माती पांढरीफटक, खालची काळी. बोट लावलं तर बोट आत गेलं. या सालात एवढी ओली माती मी कुठल्या रानात पाहिली नव्हती. काळं कुठपर्यंत होतं? गेरू होता तिथपर्यंत. मी पट्टा वाढवत गेले, ओल त्याच्या मागोमाग वर चढत गेली. मी तिला रंग देत होते.

आणि मग तो गारवा आठवला.

मी पळाले. कळशी तिथेच टाकली. मालन खाटेवर झोपली होती, बाळ तिच्या आणि भिंतीच्या मधे. मी बाळ उचललं.

"मावशी, काय झालं?"

"बाहेर चल."

"सव्वा म्हैना व्हायचाय. आई मारंल."

"मारू दे. ऊठ."

डोक्यावर पदरही न घेता तिला उन्हातून माझ्या ओसरीवर आणलं. ओसरी पुढे आहे, तिच्या भिंतींना दगडाचं जोतं आहे. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याला मी आज पहिल्यांदा घेतलं. चार शेर बाजरीच्या बोचक्याएवढं वजन, आणि गरम.

छबूबाई डोक्यावरची कळशी न उतरवता आली. "तुला खूळ लागलं का, बने? वल्ल्या बाळंतिनीला उन्हात काढलीस?"

मी सांगितलं. तिने आधी ऐकलं, मग हसली. वाईट हसली. "तुझी पडली म्हनून आमची पन पडलेली दिसाया लागली तुला."

मच्छिंद्रदाजी जाऊन बघून आले. भिंत दोरीसारखी सरळ आहे म्हणाले. "आन दुष्काळात वलीनं भिंत पडती व्हय? लोक हसतील आपल्याला." मी म्हटलं, आतून गेरू खरवडून बघा. छबूबाई आडवी आली. "रंगवलेली हाय. खरवडू देनार न्हाई." मी म्हटलं, मग बाहेरून काठी घाला. दाजींनी घातली, कोपरापर्यंत गेली. ते म्हणाले, "वाफा हाय तो. मऊ असायचाच."

 पावसाळ्यात भिंतीकडे पाणी तुंबलं तर हेच दाजी फावडं घेऊन धावतात. मीही धावते. एवढं तर इथल्या पोरांनाही कळतं. पण या साली पाण्याची भीती कुणाला होती? पाणी आलं की आम्ही हात जोडत होतो.

२६ मार्च

मालन माझ्या ओसरीवर आहे. मी तिला शपथ घातली, म्हणून राहिली. लुगड्यांचे आडोसे बांधलेत, तरी वारा शिरतो. बाळ सकाळी दोनदा शिंकलं. छबूबाई माझ्याशी बोलत नाही. न्हाण्याच्या कळश्या आज माझ्या दारात आल्या. मी पाणी वाफ्यात जाऊ दिलं नाही, रस्त्यावर सोडलं. बायका बघत होत्या. एकीने तोंडावर हात घेतला.

दाजींना म्हटलं, निदान तुळ्यांखाली मेढी लावा. ते म्हणाले, लाकूड आणा. सरपणाला काटकी नाही, मेढी कुठून आणू? माझ्या घरात खांब आहेत ते माझ्या माळवदाखाली.

भिंत उभी आहे. मी दोनदा जाऊन बघून आले. गेरूचा पट्टा स्वच्छ, लालभडक. मीच दिलेला, इतका गुळगुळीत की आतलं काही दिसू देत नाही.

मनात येतं, पडावी. कुणाचं घर पडावं असं माझ्या मनात यावं? पण ती नाही पडली तर उद्या पोरीला परत नेतील. आणि इथे वाऱ्याने बाळाला काही झालं तर तेही माझ्याच मांडीवरचं.

२७ मार्च

सकाळी बाळाचं कपाळ कोमट लागलं. छबूबाई आली, बाळ उचललं आणि निघाली. मालन मागून. मी त्यांच्या आधी पोचले आणि त्या खोलीच्या उंबऱ्यात बसले.

"ऊठ," छबूबाई म्हणाली.

"नाही."

"शेजारधर्म म्हनून दोन दिस ऐकलं. माझ्या घरात मला जाऊ देईनास?"

"तू जा. पोर इथे ठेव."

"दोन गेली तिची, बने. हे तिसरं. वाऱ्यावर ठिऊन मारू का ह्याला?"

"म्हणून तर बसलेय. मला तुडवून जा."

ती तुडवून गेली असती. तिने पाय उचलला होता. तेवढ्यात माझ्या डोक्यावर काहीतरी पडलं. चाळणीतून पीठ पडावं तशी माती. मी मागे वळून बघितलं. खोलीत कोणीच नव्हतं, पण गेरूचा पट्टा हलत होता. मधेच फुगला, पोटासारखा, आणि त्याला उभी चीर गेली.

छबूबाई दोन पावलं मागे सरली. मला कुणी ओढलं ते आठवत नाही. बहुतेक मालनने.

भिंत बाहेर गेली आणि माळवद आत आलं. तुळ्यांची टोकं खाली, वर कितीतरी वर्षांची माती. खाट कुठे होती ते एका पायावरून कळत होतं.

धूळ बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग बाळ शिंकलं. छबूबाईने त्याचं तोंड पदराने पुसलं, पुन्हा पुसलं, पुसतच राहिली.

मी म्हटलं, "छबे, पाणी मी घातलं."

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "तू येकलीनं? कळशी आळीची हुती. वतलं मी. खाट जावयानं लावली. त्यो म्हातारा तितंच लोळत हुता." मग बाळाला तिने माझ्या हातात दिलं, सगळ्यांच्या देखत. म्हणाली, "धर."

३० मार्च

बाळाचं अंग निवलं. साधी सर्दी होती.

गावात मी पोर वाचवलं असं झालंय. मंडळात बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी पाय मागे घेतले आणि सांगितलं, वाफे कुणी करायला लावले ते आठवा. मग उठून पाचही घरी गेले. वेल उपटायचे, वाफे बुजवायचे, बूड उघडं करून उन्हाला लावायचं. एका घरी सासू आडवी झाली. शेंगा धरल्या होत्या, पोरं त्यावर जगत होती. ती म्हणाली, "आदी लावायला सांगती, आता उपटायला सांगती. बाई, तुजं मासिक येकदा कायतरी ठरीव म्हनावं."

तिचं खरं होतं. मी तिच्या शेंगा तोडून तिच्या पदरात घातल्या आणि मग वेल उपटला. नवीन वाफा भिंतीपासून चार हात लांब केला, उतार घराकडून बाहेर. सावलीला कपाशीच्या पळाट्यांचा मांडव. हा वाफा पाणी जास्त ओढतो, भाजी थोडी येईल.

सुमेधाबाई आल्या, पडलेली भिंत फिरून बघितली. मासिकाला कळवू नका असं मी म्हणाले नाही. म्हटलं, कळवा, पण हे पण कळवा. भिंत पाऊस नसतानाही भिजते.

१९ एप्रिल

छबूबाईची भिंत उभी राहतेय. पडलेलीच माती पुन्हा मळायची, आणि माती मळायला पाणी लागतं. सकाळी बघते तर न्हाणीपाशी होती तशीच कळश्यांची रांग. प्रत्येक घरातून एक. दाजी चिखलात नाचत म्हणाले, "ह्या भिंतीनं आळीचं लई पानी पिलं. आता तरी टिकावी." खाली दगड घातलेत, आसारामने कामावरच्या माणसांना हाताशी घेऊन आणले. तुळ्यांखाली दोन खांबही आले. खोली आता मोकळी दिसत नाही.

तुडवताना मला हसू आलं आणि मग रडू. छबूबाई म्हणाली, "रड हितंच. तेवढंच पानी."

२० मे

मालन आज सासरी गेली. बाळाच्या गालाला तीट, हातात काळा दोरा. जाताना तिने मला वाकून नमस्कार केला आणि बाळाचं डोकं माझ्या पायाला लावलं. तिची मावससासू शेजारीच उभी होती.

मी अजून रोज भिंतींना हात लावून येते, सातही घरी. छबूबाई म्हणते, "वैद्यीनबाई आल्या. बगा, नाडी लागती का भिंतीची." कोरड्या आहेत.

माझी मागची भिंत आसाराम आणि दाजींनी घालून दिली होती. कोनाडा कुठे ठेवू, आसारामने विचारलं, आणि माझ्या खांद्याच्या उंचीला खूण केली. मी म्हटलं, वर. अजून वर. तो म्हणाला, "मावशी, हात पोचंल का?" मी म्हटलं, पाट आहे. डबी तिथे ठेवली. झाकण नीट बसत नाही, पण बसतं.

आज त्या भिंतीला चुन्याचा दुसरा हात झाला. आसाराम बायकोला न्यायला आला होता, तेवढ्यात त्याने जाता जाता मदत केली. हात धुऊन त्याने गेरूचं ढेकूळ उचललं. "कालवू का? पट्टा वडून टाकतो, जोड्याला जोडा."

मी म्हटलं, "नको. खालपर्यंत पांढरीच राहू दे. डाग आला तर दिसू दे."